‘क्वांटम-सेफ’ पेटी आत्ता घ्यावी की थांबावं?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: जनुकीय तपासण्या करणाऱ्या एका प्रयोगशाळेचा संगणक विभाग हे वाचक आणि त्यांचे एक सहकारी, असे दोघंच सांभाळतात. दोन इमारती वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरच्या टनेलने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या एन्क्रिप्टेड वाटेने, जोडलेल्या आहेत. रोज रात्री एसएसएच या एन्क्रिप्टेड जोडणीवरून दूरच्या सर्व्हरवर बॅकअप जातो. डॉक्टर आणि रुग्ण वेब पोर्टलवरून अहवाल उतरवून घेतात आणि प्रत्येक पीडीएफवर आरएसए या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीची डिजिटल सही असते. क्वांटम चिपची बातमी वाचून संचालकांनी विचारलं, ‘आपण सुरक्षित आहोत का?’ त्याच आठवड्यात एका विक्रेत्याने ‘क्वांटम-सेफ’ एन्क्रिप्शनची पेटी आणून दाखवली. तिच्यातला अल्गोरिदम कंपनीचा स्वतःचा आहे आणि गुप्त ठेवलेला आहे. सहकाऱ्यांचं मत असं की हे सगळं पंधरा-वीस वर्षं लांब आहे, सध्या विसरून जा. वाचकांना धास्ती आहे की घाई केली तर पैसे पाण्यात आणि थांबलो तर उशीर. त्यात पुढच्या महिन्यात नवं सिक्वेन्सिंग यंत्र घ्यायचं असल्यामुळे हात आखडता आहे. संचालकांना दोन आठवड्यांत उत्तर हवं आहे.

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन बाजू भांडताहेत, पण दोघींचा प्रश्न एकच आहे: क्वांटम संगणक कधी येणार? विक्रेता म्हणतो उंबरठ्यावर आहे, सहकारी म्हणतात वीस वर्षं. तुम्ही या दोघांमध्ये खरं कोण बोलतंय ते ठरवू पाहताय, आणि तिथेच अडकलात असं मला वाटतं. तो वाद मिटायची वाट न बघताही तुमचा निर्णय होऊ शकतो. त्यासाठी लागणारा आकडा तुमच्याकडेच आहे: तुम्ही रोज तारेवरून पाठवता ती माहिती किती वर्षं गुप्त राहायला हवी?

एकदाच वापरायचा पासवर्ड काही मिनिटांत निकामी होतो. तो वीस वर्षांनी कुणाला कळला तर कुणाचंही काही बिघडत नाही. जनुकीय अहवालाची गोष्ट वेगळी आहे. माणूस हयात असेपर्यंत तो बदलत नाही, आणि त्यातला बराचसा भाग त्याच्या मुलांनाही लागू पडतो. मिशेल मोस्का या गणितज्ञाने यासाठी एक साधी बेरीज मांडली आहे. माहिती गुप्त राहायला हवी ती वर्षं, अधिक तुमची व्यवस्था बदलायला लागणारी वर्षं. ही बेरीज क्वांटम संगणक येईपर्यंतच्या वर्षांहून जास्त भरली, तर उशीर आधीच झालेला आहे. सहकाऱ्यांचाच आकडा घ्या. अहवालाला साठ वर्षं, बदलायला दोन, बेरीज बासष्ट. त्यांच्या वीस वर्षांपेक्षा ती तिप्पट आहे. म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर निघाला तरी ‘विसरून जा’ हे त्यातून निघत नाही. उलट, तुमच्या हजेरीपटाला आणि साहित्याच्या मागण्यांना हीच बेरीज लावली तर तीन-चार वर्षं येतील. त्यांच्यासाठी आज रात्र जागवायची गरज नाही.

हे असं का, तर चोरी आणि वाचन एकाच दिवशी व्हावं लागत नाही. तुमच्या टनेलमधून जाणारे बाइट वाटेत कुणीही जसेच्या तसे उतरवून ठेवू शकतो. आज त्याला त्यातलं अक्षर कळणार नाही, पण डिस्क जपून ठेवायला फारसा खर्च येत नाही. असं उतरवणं तुमच्या कुठल्याही लॉगमध्ये दिसत नाही, त्यामुळे ‘आपल्याकडे काही झालेलं नाही’ असं खात्रीने कुणालाच म्हणता येत नाही.

तरीही बातम्यांचं वजन कसं करायचं ते सांगतो, कारण संचालक विचारतीलच. १९९४ साली पीटर शोर यांनी दाखवून दिलं की क्वांटम संगणकावर मोठ्या संख्येचे अवयव झपाट्याने पाडता येतात. आरएसए मोडतं ते यामुळे. त्याच युक्तीने दोन यंत्रांनी सामाईक किल्ली ठरवायची डिफी-हेलमन पद्धत आणि लंबवर्तुळी वक्रांवरच्या सगळ्या पद्धतीही मोडतात. म्हणजे वायरगार्ड ज्यावर उभं आहे तो कर्व्ह२५५१९ सुद्धा. प्रत्यक्षात २००१ मध्ये सात क्युबिटांवर (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा मूळ घटक) १५ चे अवयव पाडले गेले, आणि त्यानंतर या बाबतीत यंत्रांची मजल डोळ्यांत भरण्यासारखी गेलेली नाही. ‘क्वांटम यंत्राने आरएसए फोडलं’ असा मथळा दिसला की संख्या किती बिटांची होती ते आधी बघा. २०२४ मध्ये असा गाजावाजा झाला तेव्हा ती २२ बिटांची होती. एवढ्या संख्येचे अवयव कुठलाही फोन क्षणार्धात पाडतो. तुमची आरएसए किल्ली २०४८ बिटांची आहे.

क्युबिटांची नुसती संख्याही फसवी असते. आयबीएमच्या २०२३ च्या कॉन्डोर चिपवर ११२१ क्युबिट होते, गूगलच्या डिसेंबर २०२४ मधल्या विलो चिपवर १०५. तरी माझ्या लेखी विलो जास्त महत्त्वाची आहे, कारण तिथे क्युबिटांचा गट मोठा केला तसतशी चूक वाढण्याऐवजी प्रत्येक पायरीला निम्म्याहून कमी होत गेली. बरेच चुकार क्युबिट एकत्र बांधून एक भरवशाचा क्युबिट करायचा, या सगळ्या बेताची ती पहिली अट आहे.

आणि एक गोष्ट तुमच्या सहकाऱ्यांना आवर्जून दाखवा. क्रेग गिडनी आणि मार्टिन एकेरो यांनी २०१९ मध्ये हिशोब मांडला होता की २०४८ बिटांचं आरएसए आठ तासांत फोडायला दोन कोटी क्युबिट लागतील. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच तो सुधारला: दहा लाखांहून कमी क्युबिट, आठवड्याहून कमी वेळ. दोन्ही हिशोबांत क्युबिटांच्या दर्जाची गृहीतकं सारखीच आहेत, दर हजार क्रियांमागे एक चूक. गरज विसाव्या हिश्श्यावर आली ती केवळ कागदावरच्या गणितामुळे. ‘अजून वीस वर्षं’ असा अंदाज यंत्रांची वाढ पाहून बांधलेला असतो. दुसरी बाजूही खाली येत राहते हे त्यात धरलेलं नसतं. अजून दहा लाख क्युबिटांचं यंत्र कुठेही नाही, हेही तितकंच खरं आहे.

आता काय मोडतं आणि काय मोडत नाही ते. पैसे वाचतात ते इथे. तुमच्या डिस्क आणि बॅकअपच्या फायली एईएस-२५६ ने, म्हणजे एकाच गुप्त किल्लीने बंद आणि उघड्या होणाऱ्या पद्धतीने, बंद केलेल्या असतील तर त्यांना हात लावू नका. अशा एन्क्रिप्शनवर शोरची युक्ती चालत नाही. चालते ती ग्रोव्हरची, १९९६ ची, आणि ती किल्ली शोधायच्या पायऱ्या फक्त वर्गमुळापर्यंत खाली आणते. एईएस-१२८ चं उदाहरण घ्या. कागदावर २ चा ६४ वा घात इतक्या पायऱ्या उरतात आणि त्या एकामागून एकच घ्याव्या लागतात. एका मायक्रोसेकंदाला एक पायरी धरली, जे फारच उदार झालं, तरी काही लाख वर्षं लागतील. शंभर यंत्रं लावली तर काम दहापटच लवकर होतं. ‘सगळं एन्क्रिप्शन बदला’ असं कुणी सांगत असेल तर तो तुम्हाला नको ते विकतो आहे. आरएसए २०४८ वरून ४०९६ वर जायचा सल्लाही कुणीतरी देईल. त्याने थोडं लांबतं, टळत नाही. शिवाय २५६ बिटांचा वक्र आज आरएसए २०४८ पेक्षा भक्कम मानला जातो, पण किल्ली लहान असल्यामुळे क्वांटम यंत्रापुढे उलट तोच आधी पडण्याचा संभव आहे.

धोका आहे तो किल्लीच्या देवाणघेवाणीत, म्हणजे दोन यंत्रं उघड्या तारेवरून एक सामाईक गुपित ठरवतात त्या पहिल्या क्षणी. ते गुपित फुटलं की पुढचं एईएस कितीही भक्कम असो, उपयोग नाही. डिजिटल सहीचं घड्याळ मात्र वेगळं चालतं. खोटी सही करायला क्वांटम संगणक ती करण्याच्या दिवशी हातात असावा लागतो. आज कॉपी करून ठेवलेल्या सहीचं पुढे काही करता येत नाही. म्हणून देवाणघेवाण आत्ता, सह्या सवडीने पण यादी करून. या क्रमाला दोन अपवाद आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो.

पर्याय तयार आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेली खुली निवड ऑगस्ट २०२४ मध्ये तीन मानकांपर्यंत पोचली: देवाणघेवाणीसाठी फिप्स २०३, म्हणजे एमएल-केम, आणि सह्यांसाठी फिप्स २०४ व २०५, म्हणजे एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए. एमएल-केम सहसा एकटं वापरत नाहीत. जुन्या एक्स२५५१९ च्या (कर्व्ह२५५१९ वरच्या देवाणघेवाणीच्या) जोडीला लावतात आणि दोन्ही गुपितं एकत्र करून किल्ली बनवतात. चोराला दोन्ही फोडावी लागतात. नव्या गणितात उद्या खोट निघाली तरी आज आहात त्यापेक्षा वाईट स्थितीत तुम्ही जाणार नाही.

कामाला एसएसएचपासून सुरुवात करा, कारण रोज रात्री तुमची सगळ्यात जास्त माहिती तिथूनच बाहेर पडते. ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरच्या ९.० आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, अशी जोड-पद्धत आपोआप निवडली जाते. तेव्हा ती एसएनट्रप७६१ होती. १०.० मध्ये तिची जागा एमएलकेम७६८ ने घेतली. दोन्ही टोकांना ९.० किंवा पुढची आवृत्ती असली की काम झालं, असं म्हणता यायला हवं. बरेचदा ते तसं नसतं. सर्व्हर कडक करण्याच्या जुन्या मार्गदर्शिकेतून कुणीतरी ‘केक्सअल्गोरिदम्स’ची, म्हणजे देवाणघेवाणीच्या चालणाऱ्या पद्धतींच्या यादीची, ओळ सेटिंग फाइलमध्ये डकवलेली असते. त्या ओळीत नव्या पद्धतीचं नाव नसतं, त्यामुळे आवृत्ती कितीही नवी असली तरी ती वापरलीच जात नाही, आणि चूक म्हणून कुठे काही दिसतही नाही. म्हणून आवृत्तीवर विसंबू नका. तपशीलवार संदेशांचा पर्याय चालू करून एकदा जोडणी करा आणि ‘केक्स: अल्गोरिदम’ असं लिहिलेली ओळ वाचा. तिथे एमएलकेम किंवा एसएनट्रप दिसलं पाहिजे. नुसतं कर्व्ह२५५१९ दिसलं तर ती डकवलेली ओळ शोधून काढून टाका. ऑक्टोबर २०२५ च्या १०.१ आवृत्तीपासून जुन्या पद्धतीने जोडलं गेल्यास ओपनएसएसएच स्वतःच इशारा देतं. बॅकअप रात्री आपोआप चालतो आणि तो इशारा वाचायला कुणी जागं नसतं, तेव्हा त्या कामाचा लॉग सकाळी एकदा डोळ्यांखालून घाला. लॉगिनसाठीच्या तुमच्या एड२५५१९ किल्ल्या आहेत तशा राहू द्या. त्या सहीच्या बाजूच्या आहेत.

बॅकअपमध्ये आणखी एक जागा तपासायची आहे. फाइल एईएसने बंद असते, पण काही साधनं त्या एईएसची किल्ली आरएसएच्या सार्वजनिक किल्लीत गुंडाळून फाइलच्याच डोक्यावर ठेवतात. पीजीपी पद्धतीच्या फायलींत नेमकं हेच होतं. तसं असेल तर दूरच्या सर्व्हरवरची प्रत शोरच्या टप्प्यात येते, ती पोचवणारी एसएसएच जोडणी कितीही नवी असो. अशा फायली लांबलचक पासफ्रेज किंवा ३२ बाइटांची यादृच्छिक किल्ली वापरून थेट एईएसने बंद करा, आणि ती किल्ली दुसऱ्या इमारतीत कागदावर, तिजोरीत ठेवा. हरवली तर बॅकअप गेला, एवढी गाठ मनाशी पक्की असू द्या.

वायरगार्डच्या मूळ देवाणघेवाणीत क्वांटमला पुरून उरेल असं काही नाही, पण तिच्यात एक सोय पहिल्यापासून आहे जी फार कमी लोक वापरतात. ती म्हणजे आधीच वाटून ठेवलेली ३२ बाइटांची किल्ली, सेटिंगमधली ‘प्रीशेअर्डकी’. ती देवाणघेवाणीत मिसळली जाते, त्यामुळे उद्या कर्व्ह२५५१९ फुटला तरी ही किल्ली हाती नसणाऱ्याला टनेल उघडता येत नाही. ‘जेनपीएसके’ या उपआज्ञेने ती तयार होते आणि ४४ अक्षरांच्या ओळीसारखी दिसते. प्रत्येक जोडीसाठी वेगळी किल्ली करा आणि दोन्ही टोकांना समोरच्या यंत्राच्या ‘पीअर’ विभागात लिहा. ईमेलने किंवा त्याच टनेलमधून मात्र ती पाठवू नका. आधी एसएसएच दुरुस्त करा आणि टनेलबाहेरून त्या जोडणीने न्या, किंवा पेन ड्राइव्हवर स्वतः घेऊन जा.

इथे हमखास फसगत होते. चालू टनेल न थांबवता एकाच टोकाला किल्ली घातली तर काहीच बिघडल्यासारखं दिसत नाही. जुनं सत्र तसंच चालू राहतं. वायरगार्ड साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने हात मिळवतो (हँडशेक). तो हात मिळत नाही आणि तीन मिनिटांच्या आसपास टनेल मुकाट्याने बंद पडतो. चूक दाखवणारा संदेश येत नाही. तुम्ही दूरचं यंत्र त्याच टनेलमधून हाताळत असाल तर बाहेर अडकता. म्हणून दूरच्या टोकाला जाणारा दुसरा रस्ता आधी उघडा ठेवा. दोन्हीकडे बदल करा आणि दहा मिनिटांनी शेवटचा हात कधी मिळाला ते पाहा. आकडा दोन-तीन मिनिटांच्या आत हवा. किल्ली कायमची ठेवू नका. ती फाइल कधी चोरीला गेली, तर ती वापरात असताना उतरवून ठेवलेली सगळी वाहतूक पुन्हा उघडी पडू शकते. दर तिमाहीला नवी करा आणि जुनी बॅकअपमध्येही उरणार नाही हे बघा.

वेब पोर्टलचं काम बहुतेक आपोआप होतं. क्रोम एप्रिल २०२४ पासून जोड-पद्धत मागतो आहे, फायरफॉक्सही मागतो. तुमच्या सर्व्हरवर ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी ३.५ असली, टीएलएस १.३ (ब्राउझर आणि सर्व्हरमधली एन्क्रिप्टेड जोडणी) चालू असलं आणि वक्रांची यादी कुणी हाताने गोठवलेली नसली, की एक्स२५५१९एमएलकेम७६८ निवडलं जातं. क्रोमच्या डेव्हलपर साधनांतल्या सुरक्षा भागात हे नाव दिसतं. पोर्टलपुढे लोड बॅलन्सर (येणाऱ्या जोडण्या सर्व्हरांत वाटून देणारी पेटी) असेल तर ब्राउझरला दिसणारी जोडणी तिथेच संपते. तिथून आतल्या सर्व्हरपर्यंतची जोडणी वेगळी तपासा.

‘पोर्टल अधूनमधून उघडत नाही’ अशी तक्रार आली तर प्रमाणपत्राच्या मागे लागू नका. एक्स२५५१९ ची सार्वजनिक किल्ली ३२ बाइटांची असते, एमएल-केम ७६८ ची ११८४ बाइटांची. त्यामुळे ब्राउझरचा पहिला निरोप एका पाकिटात मावत नाही, दोनांत विभागला जातो. जुन्या फायरवॉल आणि तपासणी पेट्या पहिलं पाकीटच पूर्ण निरोप समजतात आणि जोडणी लटकते किंवा तुटते. खूण अशी की एकाच लॅपटॉपवर एका नेटवर्कवरून पान उघडतं आणि दुसऱ्यावरून उघडत नाही. उपाय त्या पेटीचं फर्मवेअर अपडेट करण्यात आहे. घाईत सर्व्हरवरची नवी पद्धतच बंद केली जाते आणि मग ती परत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. गणनेचा भार वाढेल ही भीती सोडा. एमएल-केम वेगाने चालतं, फुगतात ते बाइट.

हे करताना एक वही किंवा तक्ता सोबत ठेवा. आधी सॉफ्टवेअर लिहू नका, माहिती लिहा: काय, कुठून कुठे जातं, किती वर्षं गुप्त हवं, देवाणघेवाण कोणत्या पद्धतीने होते आणि ती बदलणं कुणाच्या हातात आहे. मग बाहेरच्या राउटरवर आठवडाभर फक्त जोडण्यांचे पहिले निरोप टिपा. टीएलएस १.३ मध्ये सर्व्हरने कोणती देवाणघेवाण निवडली ते उघड असतं. जोड-पद्धतीचा क्रमांक ४५८८ आहे. तो जिथे दिसत नाही त्या जोडण्या चाळा. तुमच्या माहितीत नसलेल्या दोन-तीन निघतील. बहुधा एखादं यंत्र निर्मात्याकडे स्वतःच्या तब्येतीची माहिती पाठवत असेल. ती यादी बघताना प्रत्येक ओळीपुढे हेही विचारा, की हे पाठवायलाच हवं का? कच्च्या सिक्वेन्सची फाइल दुसऱ्या इमारतीत केवळ सवयीने जात असेल तर ती थांबवा. न पाठवलेली फाइल कुणीच उतरवून ठेवू शकत नाही.

आता ती पेटी. घेऊ नका, आणि कारण संचालकांना असं सांगा. निस्टच्याच निवडीत पुढे पोचलेल्या दोन पद्धती २०२२ मध्ये कोसळल्या. रेनबो ही सही-पद्धत एका लॅपटॉपवर शनिवार-रविवारच्या सुट्टीत फोडता आली. साइक ही देवाणघेवाणीची पद्धत तर वाउटर कास्त्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी साध्या संगणकाच्या एका कोअरवर तासाभरात फोडली. क्वांटम संगणक लागलाच नाही. या दोन्ही पद्धती वर्षानुवर्षं जगभरातल्या अभ्यासकांसमोर उघड्या होत्या, म्हणून खोट सापडली तरी. पेटीतला अल्गोरिदम कुणी पाहिलेलाच नाही. विक्रेत्याला लेखी विचारा: फिप्स २०३ मधला कोणता संच वापरता, ७६८ की १०२४? जुन्या पद्धतीशी जोडून वापरता का? समोरच्या टोकाला नवी पद्धत येत नसेल तर पेटी काय करते? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘आपोआप जुन्या पद्धतीवर जाते’ असं आलं, तर तसं झाल्याचं तुम्हाला कुठे दिसेल तेही विचारा. प्रकाशकणांतून किल्ली पाठवण्याची क्वांटम वितरण व्यवस्था कुणी सुचवली तर तीही तुमच्यासाठी नाही. तिला खास फायबर आणि यंत्रं लागतात, आणि समोर खरंच आपलाच माणूस आहे याची खात्री ती स्वतः देत नाही. ती वेगळी करावीच लागते.

घाबरवण्यासाठी नव्हे, पण हे लपवणं बरोबर नाही: आजवर टनेलमधून आणि बॅकअपमधून गेलेलं जे कुणी उतरवून ठेवलं असेल, ते आता परत घेता येत नाही. जुन्या प्रती नव्याने एन्क्रिप्ट केल्याने बाहेर गेलेली प्रत बदलत नाही. तुम्ही करू शकता ते एवढंच, की कोणत्या वर्षापासून कोणती माहिती कोणत्या मार्गाने गेली याची नोंद करून संचालकांच्या हाती द्यायची. ती नोंद कधी लागली तर त्या दिवशी ती आयत्या वेळी तयार करता येणार नाही. आणि हीच नोंद घाईचं खरं कारण आहे, कारण दर रात्री तिच्यात भर पडते.

सह्यांमधले दोन अपवाद राहिले. पहिला तुमच्या पीडीएफचा. अहवाल वीस-तीस वर्षांनी पुरावा म्हणून दाखवावा लागणार असेल, तर तोवर आरएसए मोडलेलं असेल आणि ‘ही सही तेव्हाचीच, नंतर बनवलेली नाही’ हे सिद्ध करता येणार नाही. आज एमएल-डीएसएने सही केलीत तर समोरच्याच्या पीडीएफ वाचकाला ती ओळखता येईलच असं नाही, शिवाय २५६ बाइटांची सही ३३०९ बाइटांची होते. तेव्हा सही आहे तशी ठेवा, तिच्यावर विश्वासार्ह कालमुद्रा (सही अमुक वेळी अस्तित्वात होती याचा त्रयस्थाचा दाखला) घ्या, आणि ती कालमुद्रा जुनी पद्धत मोडण्याआधी नव्या पद्धतीच्या मुद्रेखाली झाकायची असं कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. निस्टच्या नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात आरएसए २०४८ ला २०३० नंतर नापसंत आणि २०३५ नंतर बाद धरलं आहे. माझ्या मते २०३० ही तारीख धरून चाला. जोडीला रोजच्या सगळ्या अहवालांच्या शा-२५६ ठशांची (फाइलच्या मजकुरातून काढलेल्या छोट्या खुणांची) यादी करून एखाद्या त्रयस्थाकडे जमा करत जा. ठशांना शोरची युक्ती लागू पडत नाही.

दुसरा अपवाद तुम्ही पत्रात बजेटच्या ओघात अर्ध्या ओळीत सांगून टाकला: नवं सिक्वेन्सिंग यंत्र. आधी सांगितलेलं बाकी सगळं तुम्ही नंतर बदलू शकता. यंत्राचं मात्र तसं नाही. त्याच्या आतला संगणक नवं फर्मवेअर घेताना निर्मात्याची सही तपासतो, आणि ती तपासणारी सार्वजनिक किल्ली बरेचदा चिपमध्ये कायमची कोरलेली असते. ती आरएसएची असेल आणि यंत्र बारा-पंधरा वर्षं चाललं, तर शेवटची काही वर्षं त्यात कुणीही बनावट फर्मवेअर घुसवू शकेल अशी वेळ येऊ शकते, आणि त्यावर अपडेटचा इलाज नसेल, कारण अपडेटची वाटच मोडलेली असेल.

म्हणून ऑर्डरवर सही करण्याआधी निर्मात्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. फर्मवेअरची सही कोणत्या पद्धतीने तपासली जाते. ती तपासणारी किल्ली आणि पद्धत ग्राहकाच्या जागेवर बदलता येते का. एमएल-डीएसएवर किंवा एलएमएससारख्या ठसा-आधारित सहीवर कोणत्या वर्षापर्यंत जाणार, आणि आत्ता विकत असलेलं मॉडेल त्यात येतं का. यंत्र बाहेर ज्या जोडण्या करतं त्यांचं टीएलएस १.३ आहे का आणि ते अपडेट होतं का. एलएमएस म्हणाले तर एक उपप्रश्न जोडा: सही करणाऱ्या यंत्राचा बॅकअप परत चढवला तर वापरून झालेली किल्ली पुन्हा वापरली जाणार नाही याची काय सोय आहे? या पद्धतीत प्रत्येक किल्ली एकदाच चालते, दुसऱ्यांदा वापरली की खोटी सही करता येते. विक्री प्रतिनिधीला ही उत्तरं माहीत नसतील, त्यात वावगं काही नाही. त्यांच्या उत्पादन सुरक्षा विभागाचं उत्तर मागवा आणि ते करारनाम्याला जोडा. ते येईपर्यंत यंत्राला टनेलपासून तोडलेल्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवायची जागा आखून घ्या. उत्तर समाधानकारक नसलं आणि यंत्र तरीही घ्यावंच लागलं, तर त्याला पहिल्या दिवसापासून तिथेच बसवावं लागेल.